मनोरा अर्धा असतो तेव्हा

मे १९२३. न्यूयॉर्कच्या बेचाळिसाव्या रस्त्यावरच्या ईओलियन हॉल या इमारतीच्या गच्चीवर आरसीए कंपनीचे नवे रेडिओ मनोरे नुकतेच उभे राहिले होते. गच्चीपासून ११५ फूट उंच. खालच्या रस्त्यापासून मोजलं तर चारशे फुटांच्याही वर. सूट-बूट घातलेला एक बत्तीस वर्षांचा उंचापुरा माणूस त्यातल्या एका मनोऱ्यावर चढला, थेट शेंड्यावरच्या लोखंडी गोळ्यापर्यंत पोहोचला आणि तिथं स्वतःचे फोटो काढून घेतले. ते फोटो त्यानं मॅरियन मॅकइनिस या तरुणीला पाठवले. ती कंपनीचे बडे अधिकारी डेव्हिड सार्नॉफ यांची सचिव होती. सार्नॉफ एवढे भडकले की त्यांनी या माणसाला तिथं पाय ठेवायला बंदी केली. मॅरियननं त्याच वर्षी डिसेंबरात त्याच्याशी लग्न केलं.

हा माणूस म्हणजे एडविन आर्मस्ट्राँग. आज आपण एफएम म्हणून जे ऐकतो, ते त्याचंच. उंचावर चढण्याचं वेड त्याला शाळकरी वयापासून होतं. यॉन्कर्समधल्या वडिलांच्या घराच्या आवारात त्यानं १९१०च्या सुमारास १२५ फुटांचा खांब उभारला होता. दोराला बांधलेल्या पाळण्यात बसून तो स्वतःला वर ओढून घ्यायचा आणि शेजारीपाजारी श्वास रोखून बघत राहायचे. पुढे १९३८मध्ये त्यानं हडसन नदीच्या पलीकडच्या तीरावर, न्यू जर्सीतल्या अल्पाइन गावी कड्यावर ४२५ फुटांचा मनोरा बांधला. तीन लांब आडवे हात असलेला, कुठेही तारांचा ताण न दिलेला, स्वतःच्या पायांवर उभा असलेला जाळीदार लोखंडी मनोरा. एडिसन किंवा पर्सिपनीहून पॅलिसेड्स पार्कवेनं उत्तरेकडे निघालेल्या मराठी कुटुंबांच्या नजरेला तो आजही पडतो. ११ सप्टेंबर २००१ला वर्ल्ड ट्रेड सेंटरबरोबर त्याच्या माथ्यावरचे अँटेना गेले, तेव्हा न्यूयॉर्कच्या अनेक टीव्ही वाहिन्यांनी तातडीनं आसरा घेतला तो याच मनोऱ्याचा. तेव्हा तो त्रेसष्ट वर्षांचा होता.

आर्मस्ट्राँगची ती १९२३ची कसरत आज कुणी केली तर नोकरी जाईल. अल्पाइनचा मनोरा मात्र अजून अभ्यासावा असा आहे.

अँटेनाचे मनोरे ढोबळमानानं दोन जातींचे. एक तंबूच्या खांबासारखा: खांब सडपातळ, पण चहूबाजूंनी तारांनी ताणून धरलेला. दुसरा तिवईसारखा: खाली पाय फाकलेले, वर निमुळता, आणि कुणाचाही आधार नाही. आपल्याकडे सिंहगडावरचा दूरदर्शनचा मनोरा किंवा गावोगावचे मोबाइल टॉवर आठवावेत. यालाच स्वयंआधारित मनोरा म्हणतात. ताणाच्या तारांचा मनोरा स्वस्त पडतो, पण जागा खातो. शंभर फुटी मनोऱ्याच्या तारा साधारण ऐंशी फुटांवर जमिनीत रोवाव्या लागतात, त्याही तीन दिशांना. अमेरिकी उपनगरातल्या परसात एवढी मोकळी जागा कुठून आणणार? म्हणून तिथल्या हौशी रेडिओवाल्यांना, म्हणजे हॅम मंडळींना, तिवईची जात सोयीची वाटते. मात्र तारांनी जे काम केलं असतं ते सगळं आता पायाला करावं लागतं.

हे काम किती असतं, याचा अंदाज शालेय गणितातून येतो. वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो: वारा दुप्पट झाला की दाब चौपट. सेकंदाला ४० मीटर, म्हणजे ताशी १४४ किलोमीटरचा वारा समोरच्या प्रत्येक चौरस मीटरवर जवळपास १०० किलो वजनाइतका रेटा देतो. आता २० मीटर उंचीच्या मनोऱ्यावर एक चौरस मीटर वारा अडवणारा अँटेना आहे असं धरू. रेटा १०० किलोचा, पण तरफेची लांबी २० मीटर. बुडाशी दोन पायांमधलं अंतर एक मीटर असेल, तर वाऱ्याच्या बाजूचा पाय सुमारे दोन टन जोरानं वर उपटला जातो आणि पलीकडचा तेवढ्याच जोरानं जमिनीत दाबला जातो. अंतर अर्धा मीटर केलं तर चार टन. यात खुद्द मनोऱ्याच्या लोखंडावर बसणारा वारा धरलेलाच नाही, आणि तो बऱ्याचदा अँटेनापेक्षा जास्त भरतो. गंमत म्हणजे त्या अँटेनाचं स्वतःचं वजन वीस-पंचवीस किलोच असू शकतं. मनोरा अँटेनाच्या वजनानं पडत नाही, त्याच्या आडवेपणानं पडतो. आणि नवखा माणूस दुकानात पहिला प्रश्न विचारतो तो वजनाचा.

वारा सगळीकडे सारखा नसतो, म्हणून अमेरिकेत इमारतींप्रमाणेच मनोऱ्यांसाठीही वाऱ्याचे नकाशे वापरतात. फ्लोरिडातल्या मायामी-डेड परगण्यात साध्या घरासाठीसुद्धा ताशी १७५ मैलांचा झोत धरून आराखडा करावा लागतो. देशाच्या मधल्या सपाट भागात हाच आकडा ११० मैलांच्या आसपास राहतो. वेगातला फरक दीडपटीहून थोडा जास्त, दाबातला अडीचपट. ओहायोत निवृत्त होऊन फ्लोरिडाला निघालेल्या हॅमनं जुना मनोरा ट्रकवर चढवून नेला आणि तसाच उभा केला, तर तो कागदोपत्री अर्ध्याहून कमी ताकदीचा ठरतो. मनोऱ्यांसाठी तिथं टीआयए-२२२ नावाचं मानक आहे. त्याचा पहिला मसुदा १९५९चा, आणि तेव्हापासून ते अनेकदा सुधारलं गेलं. पूर्वी वाऱ्याचा एक मैल वाहून जाण्याचा सरासरी वेग धरायचे, आता तीन सेकंदांचा झोत धरतात. त्यामुळे जुन्या पत्रकातला '९० मैल' आणि नव्या पत्रकातला '९० मैल' हे एकच नव्हेत. हा तपशील अनेक जुन्याजाणत्यांच्याही ध्यानात राहत नाही.

उपटणाऱ्या त्या दोन टनांना धरून ठेवतो तो काँक्रीटचा ठोकळा. दोन मीटर लांब, रुंद आणि खोल खड्डा भरला की आठ घनमीटर काँक्रीट होतं. वजन एकोणीस टनांच्या घरात. परसातल्या साठ-सत्तर फुटी मनोऱ्याखाली एवढं काही गाडलेलं असेल, असं बघणाऱ्याला वाटतही नाही. सॅन फ्रान्सिस्कोच्या टेकडीवरचा सुट्रो मनोरा हे याचं भव्य रूप. उंची ९७७ फूट, तीन पायांचा, ४ जुलै १९७३ला सुरू झालेला. जमिनीवर दिसणारं लोखंड सुमारे १,७०० टन, तर जमिनीखाली न दिसणारं काँक्रीट सुमारे ६,८०० टन. सगळ्या रचनेचा गुरुत्वमध्य जमिनीच्या पातळीखाली येईल, असा तो बेत आहे. लहान मुलांच्या डोलणाऱ्या बाहुलीचं बूड जड का असतं, तेच हे.

खड्डा खणण्यात आणि भरण्यात घाई करणारा पुढे वीस वर्षं किंमत मोजतो. मिनेसोटासारख्या थंड राज्यात हिवाळ्यात जमीन खोलवर गोठते आणि फुगते, म्हणून तिथं पाया दक्षिण भागात किमान साडेतीन आणि उत्तर भागात पाच फूट खाली न्यावा लागतो. नाहीतर जमीनच ठोकळ्याला दरवर्षी थोडं थोडं वर ढकलते. सळयांचा पिंजरा मातीला टेकता कामा नये. सळई आणि माती यांच्यात तीन इंच काँक्रीट हवं, नाहीतर ओलावा सळईपर्यंत पोहोचतो. काँक्रीट पूर्ण ताकदीला यायला अठ्ठावीस दिवस धरतात. अधीर माणूस चौथ्या दिवशी वर लोखंड चढवायला निघतो. आणखी एक बारीक गोष्ट: काही मनोऱ्यांचे पाय पोकळ नळीचे असतात. नळीत शिरलेल्या पावसाच्या पाण्याला बुडाशी वाट नसेल, तर ते साचतं, गोठतं, नऊ टक्क्यांनी फुगतं आणि नळी उभी चिरते. म्हणून पायाखाली खडीचा थर देऊन पाण्याला निचरा ठेवतात. एवढ्याशा खडीपायी मनोरे गेले आहेत.

परवानग्यांचा भाग थोडक्यात सांगता येतो, पण त्यात एक मजा आहे. हॅम परवान्यासाठी अमेरिकी नागरिकत्व लागत नाही. परक्या सरकारचा प्रतिनिधी सोडून कुणीही परीक्षा देऊ शकतो, आणि पहिल्या पायरीला प्रश्न पस्तीसच. मनोऱ्याबाबत केंद्राच्या एफसीसी या आयोगानं १९८५मध्ये पीआरबी-१ हा निर्णय दिला: नगरपालिकांनी हौशी रेडिओला वाजवी जागा द्यायला हवी, सरसकट मनाई करता येणार नाही. पण हा निर्णय सरकारी नियमांपुरता. घर घेताना रहिवाशांच्या संघाच्या करारावर सही केली असेल आणि त्यात 'अँटेना नको' असं लिहिलेलं असेल, तर एफसीसीही सहसा मदतीला येत नाही. पुण्या-मुंबईतल्या सोसायटीच्या कमिटीला घाबरून परदेशी गेलेल्यांना तिथंही कमिटीच भेटते. उंची २०० फुटांवर गेली की विमान वाहतूक प्रशासनाला कळवावं लागतं. मोठ्या धावपट्टीजवळ असाल तर त्याच्याही बरंच आधी. धावपट्टीपासून एक किलोमीटरवर असाल, तर दहा मीटर उंचीलाच कळवण्याचं बंधन सुरू होतं. बहुतेक ठिकाणी त्या राज्यात नोंदणी असलेल्या अभियंत्याच्या शिक्क्याचा आराखडाही मागतात. तो खर्च जड वाटतो, पण वरचं सगळं गणित त्या शिक्क्यातच असतं.

खणायच्या आधी ८११ हा क्रमांक फिरवायचा. २००७पासून तो देशभर चालतो. गॅस, वीज, पाणी, केबल अशा कंपन्यांची माणसं येऊन आपापल्या नळ्या-तारा जमिनीवर रंगानं आखून देतात. जमिनीखालचा धोका असा दोन-चार दिवसांत निस्तरतो. डोक्यावरचा धोका जास्त घातक. १९७०च्या दशकात अमेरिकेत सीबी रेडिओची, म्हणजे सर्वसामान्यांनी आपसात बोलण्यासाठीच्या रेडिओची, लाट आली. घरोघर लोक छपरावर अँटेना चढवू लागले, आणि हातातला लांब खांब वरून जाणाऱ्या विजेच्या तारेला टेकून माणसं दगावू लागली. तेव्हा ग्राहक सुरक्षा आयोगानं १९७८मध्ये नियमच केला की टीव्ही आणि सीबीच्या अँटेनांवर व त्यांच्या खांबांवर विजेच्या धोक्याची चिठ्ठी लावलीच पाहिजे. जाणकारांचा ठोकताळा असा, की मनोरा तारेपासून निदान स्वतःच्या उंचीच्या दीडपट लांब असावा, म्हणजे तो आडवा पडला, अगदी माथ्यावरच्या अँटेनासकट, तरी तारेला शिवणार नाही. ज्याच्या परसात एवढं अंतर निघत नाही, त्यानं मनोरा बुटका करावा, तारेशी पैज लावू नये.

आता प्रत्यक्ष उभारणी. पूर्ण उभा मनोरा वादळाला तोंड देण्यासाठी आखलेला असतो. अर्धा उभा, अर्धा उतरवलेला किंवा दुरुस्तीसाठी उघडलेला मनोरा कशासाठीच आखलेला नसतो. अमेरिकेतल्या मोठ्या दुर्घटना ओळीनं पाहिल्या तर वाऱ्यापेक्षा माणसाचा हात त्यांत जास्त दिसतो. आणि तो हात बहुधा 'एवढ्यापुरतं चालून जाईल' असं म्हणत असतो.

उभारणीची जुनी पद्धत अशी. मनोऱ्याचे दहा-दहा फुटांचे तुकडे असतात. पहिला पायात पक्का होतो. त्याच्या वरच्या टोकाला एक उंच नळी घट्ट बांधतात. तिला जिन पोल म्हणतात आणि तिच्या डोक्यावर कप्पी असते. त्या कप्पीतून दोर सोडून पुढचा तुकडा वर ओढायचा, वर चढलेल्यानं तो बसवायचा, बोल्ट घालायचे, मग जिन पोल एक मजला वर सरकवायचा आणि पुन्हा तेच. खालची माणसं दोर थेट खाली ओढत नाहीत. बुडाशी दुसरी कप्पी लावून दोर आडवा फिरवतात, म्हणजे ओढणारा मनोऱ्याच्या पायथ्यापासून लांब उभा राहतो. वरून पाना निसटला तर खाली डोकं नसावं, हे एक कारण; वजन सरळ खाली आलं तर पळायला वाव असावा, हे दुसरं. बोलण्याचं काम एकाच माणसाकडे असतं. दोघांनी 'ओढा' आणि 'थांबा' एकदम म्हटलं, की तो दिवस फुकट जातो, कधी त्याहून वाईटही जातो.

ह्यूस्टनजवळ मिझुरी सिटी नावाचं गाव आहे. ७ डिसेंबर १९८२ला तिथं सुमारे अठराशे फुटांच्या नव्याकोऱ्या मनोऱ्यावर सहा टनांचा एफएम अँटेना चढवत होते. शेवटचाच तुकडा होता. अँटेनाच्या अंगावर बाहेर आलेल्या टोपल्या होत्या, त्या उचलण्याच्या दोराच्या आड येत होत्या. टोपल्या काढून नंतर बसवू का, असं चढवणाऱ्यांनी विचारलं. बनवणाऱ्यांनी नकार दिला. मग चढवणाऱ्यांनी उचलायच्या कडीला बाहेर काढणारा लोखंडी जोड स्वतःच तयार केला. हा आराखडा बघून द्या, अशी विनंती केली, तर बनवणाऱ्यांच्या अभियंत्यांनी कायदेशीर जबाबदारी अंगावर येईल म्हणून तो पाहिलाच नाही. चढवणाऱ्यांनी बोल्ट निवडले ते वजनाच्या हिशोबानं. पण जोड बाहेर आलेला, म्हणजे पुन्हा तरफ, आणि बोल्टांवर आलेला ताण त्यांच्या अंदाजाच्या कितीतरी पट होता. बोल्ट तुटले, अँटेना कोसळताना ताणाची तार तोडून गेला आणि अख्खा मनोरा खाली आला. पाच जण ठार झाले. अभियांत्रिकीच्या नीतिशास्त्राच्या वर्गात अमेरिकेत हे प्रकरण आजही शिकवतात. त्यात बहुधा भर असतो नकार देणाऱ्या अभियंत्यांवर, आणि तो योग्यच आहे. पण शाळेत शिकलेली तरफ माणसं उंचावर गेल्यावर विसरतात, हाही तेवढाच मोठा धडा.

पुढच्या दोन घटना दुरुस्तीच्या. १ फेब्रुवारी २०१४ला वेस्ट व्हर्जिनियात क्लार्क्सबर्गजवळ एका मनोऱ्याच्या तिरक्या पट्ट्या बदलण्याचं काम चालू होतं. मनोऱ्याच्या जाळीत जे तिरके धागे दिसतात, त्या या पट्ट्या. त्या काढताना तात्पुरता आधार द्यावा लागतो. तो दिलेला नव्हता. मनोरा पडला, दोन कामगार गेले. पडताना त्यानं शेजारचा लहान मनोरा खिळखिळा केला. मदतीला आलेले अग्निशमन दलाचे लोक खाली काम करत असताना तोही पडला आणि एक स्वयंसेवक जवान गेला. १९ एप्रिल २०१८ला मिझुरी राज्यात फोर्डलंडजवळ जवळपास दोन हजार फुटांचा टीव्ही मनोरा कोसळला आणि एक कामगार मरण पावला. तिथंही काम तिरक्या पट्ट्या बदलण्याचंच होतं. मनोरा जुना होता, अनेक वादळं झेललेला. त्याला मजबूत करायला गेलेली माणसंच त्याच्यावर होती.

तिरकी पट्टी बघायला किरकोळ वाटते, कारण सरळ पायांवर वजन असतं असं डोळ्याला दिसतं. पण चौकोनाला तिरका कर्ण दिला नाही तर तो पत्त्यांच्या बंगल्यासारखा एका बाजूला झुकतो. सुताराला हे ठाऊक असतं; दाराच्या फळीवर तो तिरकी पट्टी उगाच ठोकत नाही. म्हणून नियम असा: एका वेळी एकच पट्टी सोडायची, सोडण्याआधी तिची जागा घेणारा तात्पुरता आधार घट्ट करायचा, आणि ती जागा पुन्हा पक्की होईपर्यंत दुसऱ्या बोल्टला हात लावायचा नाही.

चढणाऱ्याच्या अंगावरचं सामान गेल्या पिढीत पूर्ण बदललं. पूर्वी खांबांवर चढणारे कमरेला रुंद चामडी पट्टा बांधत. त्यात माणूस पडला की पट्टा बरगड्यांखाली सरकतो किंवा माणूस त्यातून निसटतो. कामगार सुरक्षा प्रशासन ओशानं बांधकामात पडण्यापासून वाचवण्यासाठी कमरपट्ट्याला १ जानेवारी १९९८पासून मनाई केली. आता खांदे, छाती आणि मांड्यांतून जाणारा हार्नेस असतो, आणि त्याला दोन दोर. एक हुक वर लावल्याशिवाय दुसरा सोडायचा नाही, म्हणजे एकही क्षण माणूस मोकळा नसतो. यानं चढणं दुप्पट वेळखाऊ होतं आणि म्हणूनच माणसं ते टाळतात. २०१३मध्ये अमेरिकेत दळणवळणाच्या मनोऱ्यांवर तेरा कामगार मरण पावले, तेव्हा ओशानं सगळ्या कंत्राटदारांना पत्रं पाठवून खडसावलं. घरमालक स्वतःच्या परसात स्वतः चढला तर ओशाचा नियम त्याला लागत नाही, गुरुत्वाकर्षणाचा लागतो. हार्नेसमध्ये लटकलेल्या बेशुद्ध माणसाच्या मांड्यांतला रक्तप्रवाह अडतो, त्याला काही मिनिटांत खाली आणावं लागतं. तेव्हा खाली उभ्या मंडळींपैकी निदान एकाला वर चढता येतं का, हे आधी ठरलेलं हवं.

एका प्रकाराची वेगळी धास्ती घ्यावी. दुर्बिणीसारखे एकात एक सरकणारे, हँडल फिरवून उंच करता येणारे मनोरे हॅम लोकांना फार आवडतात, कारण वादळ आलं की मनोरा खाली घेता येतो. पण त्याचे सगळे टप्पे एका पोलादी दोरावर लटकलेले असतात. उंच केलेल्या अवस्थेत कुणी त्यावर चढलं आणि दोर तुटला, तर वरचा टप्पा खालच्यात सरकतो आणि मधल्या आडव्या पट्ट्यांत हातपाय सापडतात. कात्रीच ती. म्हणून तो पूर्ण खाली उतरवून, शक्य तर आडवा पाडूनच त्याला हात लावायचा.

वीज पडण्याबद्दल लोकांच्या मनात मोठी भीती आणि थोडी गैरसमजूत असते. मनोरा वीज बोलावत नाही. तो उंच असतो म्हणून आसपास पडणारी त्याच्यावर पडते. प्रश्न ती कुठून जमिनीत जाते हा. घराच्या वायरिंगचं अर्थिंग वेगळं आणि मनोऱ्याचं वेगळं ठेवलं, तर वीज पडताच दोन्हींच्या विद्युतदाबात हजारो व्होल्टचा फरक पडतो, आणि तो फरक केबलमधून रेडिओत, रेडिओतून बोटात मिटतो. म्हणूनच अमेरिकी वीज संहिता दोन्ही अर्थिंग जाड तांब्याच्या तारेनं एकत्र जोडायला सांगते. तार सरळ, काटकोनात न वळवलेली हवी. एवढा प्रचंड आणि क्षणिक प्रवाह वळणावर अडखळतो आणि हवेतून उडी मारतो. आणखी एक शोध मनोऱ्याच्या कामाचा. दुसऱ्या महायुद्धात हर्बर्ट उफर नावाच्या अभियंत्याला अॅरिझोनातल्या कोरड्या वाळवंटात लष्कराच्या दारूगोळ्याच्या कोठारांना अर्थिंग द्यायचं होतं. जमिनीत रॉड ठोकून काही उपयोग होत नव्हता. त्यानं पायाच्या काँक्रीटमधल्या सळयांनाच तार जोडली आणि ती चांगली चालली, कारण काँक्रीट आतून थोडं ओलसर राहतं. आज मनोऱ्याच्या पायातल्या सळयाही अशाच कामाला लावतात. मात्र पाय जस्तलेपित लोखंडाचा आणि तार तांब्याची असेल तर दोन्ही एकमेकांना थेट चिकटवू नयेत. मध्ये स्टेनलेस स्टीलचा तुकडा हवा. तांब्यावरून ओघळलेलं पाणी जस्त खातं, आणि वीज वाचवता वाचवता पाय गंजतो.

उभा झालेला मनोरा कित्येक जण विसरून जातात. टीआयए-२२२ प्रमाणे स्वयंआधारित मनोऱ्याची तपासणी निदान पाच वर्षांतून एकदा, ताणतारांच्या मनोऱ्याची तीन वर्षांतून एकदा व्हावी; मोठं वादळ किंवा जाड बर्फ जमून गेल्यावर लगेच. १९९८च्या जानेवारीत मेन, न्यू हॅम्पशर, व्हर्माँट आणि न्यूयॉर्कचा उत्तर भाग अशा पट्ट्यात दिवसचे दिवस गोठणारा पाऊस पडला, तेव्हा झाडं आणि वीजवाहिन्या बर्फाच्या वजनानं मोडल्या. बर्फाचं काम दुहेरी: वजनही वाढवतो आणि वाऱ्याला अडवायला पृष्ठभागही. बारीक पट्टीवर एक इंच बर्फ चढला की ती पट्टी वाऱ्याला मनगटाएवढी जाड भेटते.

तपासणीत बघायचं काय? बोल्ट सैल झाले आहेत का, आणि एखादा गायब आहे का. पायापाशी, जिथं लोखंड काँक्रीटमध्ये शिरतं त्या जागी माती किंवा पालापाचोळा साचून ओल धरली आहे का. गंज बहुधा तिथूनच सुरू होतो. जस्ताचा पांढरा भुगा घाबरण्यासारखा नसतो, तांबूस गंज असतो. तो तारेच्या ब्रशनं घासून वर जस्तयुक्त रंग द्यायचा. पोकळ पायावर हलकी हातोडी मारत वर जायचं. टणटण वाजलं तर ठीक, भदभद वाजलं तर आतून गेलं आहे. ही परीक्षा मडकं घेणाऱ्या बाईला शिकवावी लागत नाही.

कधी वर चढल्यावर वेगळंच काही सापडतं. नदी-तळ्यांकाठी मासेमार घारीसारखा ऑस्प्रे पक्षी मनोऱ्याच्या माथ्यावर काटक्यांचं भलंमोठं घरटं घालतो. अंडी किंवा पिल्लं असलेलं घरटं १९१८च्या स्थलांतरित पक्षी कायद्यानं संरक्षित आहे, तेव्हा अँटेनाची दुरुस्ती पिल्लं उडेपर्यंत थांबते. पक्ष्यांचं मनोऱ्यांशी नातं एकूण दुःखाचंच. २०१२च्या एका अभ्यासानं अमेरिका आणि कॅनडात मिळून वर्षाला अडुसष्ट लाख पक्षी दळणवळणाच्या मनोऱ्यांवर आपटून मरत असावेत असा अंदाज बांधला. त्यात तारांच्या जाळ्यातल्या उंच मनोऱ्यांचा वाटा मोठा, आणि रात्री अखंड जळणाऱ्या लाल दिव्यांचाही. डिसेंबर २०१५पासून विमान वाहतूक प्रशासनानं उंच मनोऱ्यांवरचे मधले अखंड लाल दिवे वगळून लुकलुकणारे ठेवायची सोय केली. दिव्यांचा नियम एरवी कडक आहे: दर चोवीस तासांत निदान एकदा ते जळताहेत याची खात्री करायची, आणि माथ्यावरचा दिवा अर्ध्या तासात दुरुस्त झाला नाही तर विमानवाल्यांना कळवायचं.

शेवटचा टप्पा उतरवण्याचा, आणि त्यावर सगळ्यात कमी बोललं जातं. हॅम गृहस्थ वयोवृद्ध होतो किंवा जातो, मुलांना रेडिओत रस नसतो, कुणीतरी जाहिरात देतं: मनोरा फुकट, स्वतः उतरवून न्यावा. तरुण मंडळी शनिवारी सकाळी पाने घेऊन येतात. तेव्हा चाळीस वर्षांचे बोल्ट गंजून जाम झालेले असतात. जोर लावला की बोल्ट मोडतो आणि माणसाचा तोल जातो. आराखडा नसतो, माथ्यावर काय लटकलंय ते खालून नीट दिसत नाही. खालचे तुकडे आधी सोडले तर बरं, असा विचार कधीतरी कुणाच्या डोक्यात येतो. तेव्हा वरचं सगळं वजन क्रेननं धरलं आहे का, हे विचारणारा एक तरी शहाणा गटात लागतो. क्रेनचं भाडं मनोऱ्याच्या किमतीपेक्षा जास्त निघतं, आणि तरी अनुभवी माणूस क्रेनच मागवतो.

एकोणीस टनांचा काँक्रीटचा ठोकळा मात्र कुणी उपसत नाही. पाय बुडापाशी कापतात, वर वीतभर माती टाकतात. नव्या घरमालकानं तिथं टोमॅटो लावले, तर ते एवढे खुजे का राहतात हे त्याला पुढची दोन-तीन वर्षं कळत नाही.